भोपळा

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
दस्तगीरचाचा भोपळे वाजवून बघत होते.
पेराने एक टिचकी, मग कान.
"वल हाय अजून ह्याच्यात,"
आणि तो परत माळ्यावर, वर्षभरासाठी.

समोर चहावाल्याच्या टीव्हीवर
बगदाद हिरवंहिरवं जळत होतं.
अध्यक्ष सांगून चुकले होते: आत आहे. नक्की आहे.
टिचकी कुणी मारलीच नाही.

मे महिन्यात ते विमानातून जहाजावर उतरले,
मागे फलक, फत्ते झाल्याचा.
माझ्या तंबोऱ्याची जवारी निघत होती त्या दिवशी.
घोडीवर कानस फिरवता फिरवता,
मान वर न करता, चाचांनी विचारलं,
"घावलं का?"

नाही घावलं.
पुढच्या वर्षी एका मेजवानीत
त्यांनी स्वतःचेच फोटो दाखवले,
फर्निचरखाली शोधत असल्याचे.
सूटबुटातली माणसं पोट धरून हसली.

मी हे चाचांना सांगितलं तेव्हा
ते एका भोपळ्यावर खडूने रेघ ओढत होते.
करवत हातात घेतली. खाली ठेवली.
पुन्हा एकदा टिचकी मारली.

"कापल्यावर कळलं," म्हणाले,
"तर भोपळा माझा जातो, पैसं माझं जात्यात.
त्येचं काय गेलं?"