लास्ट

नॉर्दम्पटनच्या ज्या गल्लीत आता फक्त मोबाइलची कव्हरं मिळतात
तिथे रूबेन टेबट बीचच्या लाकडाची पावलं घडवायचा.
घोट्याशी थांबलेलं पाऊल.
त्यावर चामडं ओढायचं, खिळ्यांनी ताणायचं,
आठवडाभर तसंच ठेवायचं.
त्या पावलाला तिथे लास्ट म्हणतात.

"म्हणजे शेवटचं?" सहा वर्षांची हेस्टर विचारायची.
तोंडातले खिळे न काढता तो मान हलवायचा.
तो शब्द वेगळा, तो उशिरातून आला:
उशिरा, त्याहून उशिरा, सगळ्यात उशिरा.
हा आला चिखलातून.
कुणीतरी पुढे गेल्याची खूण,
आपण जिला माग म्हणतो.
मागावर चालत राहायचं, न थांबता,
त्यालाच तिकडे पुढे टिकणं म्हणू लागले.
आपल्याकडे त्यातून निघालं मागे उरणं.

नाताळात लोस्टॉफ्टचा एझ्रा मामा यायचा, कोटाला हेरिंगचा वास.
"थापा! लास्ट म्हणजे मासे.
कागदावर दहा हजार,
शेकडा एकशे बत्तीसचा धरला की तेरा हजार दोनशे."
दोघंही खरे. दोघंही चिडलेले.
पुडिंग गार.

भिंतीवर पावलंच पावलं, टाचेवर शाईनं नावं.
गिऱ्हाईक वारलं की रूबेन वर्षभर थांबायचा,
सुतक म्हणून नव्हे, बिल थकलेलं असायचं म्हणून,
आणि मग शेगडीत घालायचा.
बीच छान जळतं.
कर्नल पार्जिटर दोन संध्याकाळी पुरला.

हेस्टर आता एकसष्टची. दुकान विकलंय.
शेगडीमागे एक जोड सापडला,
टाचेवर नाव नाही.
डाव्या अंगठ्याच्या मुळाशी चामड्याचा तुकडा ठोकलेला,
त्यावर दुसरा, त्यावर तिसरा.
पाय सुजत गेले
तसतशी त्यानं वाढवत नेलेली आई.

तिनं नखानं पदर मोजले. बारा.
अकराव्यापर्यंत बुटाच्या घासाची चकाकी.
बारावा कोरा.

पुढची चाळीस वर्षं तो रोज शेगडी पेटवत होता
आणि ही जोडी तिच्यापासून वीतभर अंतरावर होती.

"हे लास्ट?" सामान न्यायला आलेल्या पोरानं विचारलं,
खोकं उचलत.
तो कुठला शब्द विचारतोय
हे तिला पटकन कळेना.
"हो," ती म्हणाली,
आणि खोकं त्याच्या हातातून परत घेतलं.