डावीकडून तिसरा

पेपरात चार ओळी आल्या, सातव्या पानावर,
आणि फोटो दुसऱ्याच कुणाचा.
सकाळी दहाच्या आत एकोणीस जणांनी फोन केले.
फोनवरची बाई शेवटी वैतागली,
अहो, हे वामन तिरोडकर होते तरी कोण?
मग तिनेच आमचे नंबर एकमेकांना दिले,
म्हणाली, तुम्हीच भेटा एकदा सगळे.

म्हणून गिरगावात, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये,
कॅरमबोर्ड भिंतीला उभे करून
आम्ही बसलो.

तीस वर्षं बॅटरी मारली मी, लॅमिंग्टन रोडला.
आता तिथे सोफ्यांचं दुकान आहे.
पडद्याकडे पाठ, हेच माझं काम,
तरी तो आला की कळायचं.
खुर्च्या कुरकुरायच्या,
माणसं जराशी सैल होऊन बसायची.
टाळी नाही, शिट्टी नाही,
घरचं कुणीतरी आलं, एवढंच.

तार आणणारा. कोर्टातला शिरस्तेदार.
वरपक्षाकडचा रुसलेला मामा.
एकदा तर नुसता मुडदा.
चादर ओढली, पायाचा अंगठा तेवढा बाहेर राहिला,
आणि बाल्कनीतून आवाज आला,
अरे, तिरोडकर!

लतीफ मास्तर म्हणाले,
एकच कोट, सत्तावीस पिक्चर. मी मोजलेत.
डाव्या कोपराचं ठिगळ
पोलिसातही तेच, दवाखान्यातही तेच.
टाका कच्चा होता हो,
दर वेळी वाटायचं, पडद्यात हात घालून
दोन टाके मारून द्यावेत.

सुनंदा तांडेल उठल्या. माझगावच्या बाजारात
त्यांनी त्याला पाटीसमोर गाठलं होतं,
डॉक्टर, गुडघा बघा ना.
त्याने बांगड्यांची पिशवी खाली ठेवली,
गुडघा नीट बघितला,
मग म्हणाला, बाई, मी फक्त शुक्रवारी डॉक्टर असतो.
पण वाळूचा शेक द्या. आमच्या हिला लागू पडतो.
लागू पडला, म्हणाल्या सुनंदाबाई,
आणि खाली बसताना गुडघ्यावर हात ठेवला.

पिरोजाबाई दारूवाला काहीच बोलल्या नाहीत.
रुमालाची घडी उलगडली, परत घातली.

मी सांगितलं नाही ते इथे सांगतो.
एकदा तो आला होता, तिकीट काढून, एकटा.
अंधारात खाकरला, त्यावरून मी ओळखला.
पुढची खुर्ची दाखवली तर म्हणाला,
नको, दाराजवळचीच द्या,
माझं काम इंटरव्हलच्या आधी आटपतं.
आणि खरंच, इंटरव्हलला गेला.
खुर्चीवर शेंगदाण्याची पुडी, अर्धी.
मी खाल्ली ती. का, कोण जाणे.

हाराला फोटो हवा होता.
जपलेलं सगळं टेबलावर पसरलं,
एकात नुसता कान,
एकात चहाचा ट्रे धरलेला हात,
एकात नायिकेच्या खांद्यामागे अर्धा चष्मा.
एकच पुरा सापडला, लांबलचक ग्रुप,
मध्ये नायक, छाती काढून,
डावीकडून तिसरा आपला.

लतीफ मास्तरांनी कात्री काढली,
परत खिशात ठेवली.
नायकाला मागे दुमडला,
नखाने इस्त्रीसारखी घडी बसवली,
मग बाकीच्यांनाही.
बोटभर पट्टी उरली. हार फार मोठा झाला,
दोनदा गुंडाळावा लागला.

दोन मिनिटं उभे राहिलो.
एवढा वेळ त्याला एकाही पिक्चरने
सलग दिला नव्हता.
खाली केळीवाला ओरडत होता.
दार करकरलं, कुणी उशिरा आलं,
माझा हात आपसूक खिशात गेला, बॅटरीसाठी.

तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं,
अगदी तसंच,
बोलायच्या आधी तो खाकरायचा तसं.

दोन मिनिटं कधीच संपली होती.
कुणी बसलं नाही.
पुढचं वाक्य यायचं होतं.