पाणी कुठं जातं

पहिला आला तो न बोलावताच.
ट्रकमध्ये डांबर उरलंय, म्हणाला, मागच्या गल्लीतलं,
निम्म्या भावात टाकतो, पण आत्ताच, आणि रोख.
वर्ना श्मिटकेनं दाराची जाळीसुद्धा उघडली नाही.

दुसऱ्याचा नुसता ईमेल. आकडा गोल,
खाली नाव नाही.

तिसरा, ऑरविल टेग, सव्वा तास उशिरा.
माफीबिफी काही नाही. मोजायचं चाक ढकलत
गॅरेजपासून रस्त्यापर्यंत गेला, परत आला,
एका भेगेत ट्रकची किल्ली खुपसून पाहिली
आणि विचारलं : एप्रिलमध्ये बर्फ वितळला की
पाणी कुठं जातं?

विस्कॉन्सिनमधले अकरा एप्रिल तिनं एकटीनं उपसले होते.
तळघरात, ती म्हणाली.
त्यानं मान हलवली, ओळखीच्या कुणाचं नाव निघाल्यासारखी.

काळं ते नुसतं तोंड, बाई.
खाली आठ इंच खडी, दाबून दाबून. पैसे तिचे.
उतार रस्त्याकडं. लिहून देतो.
दिलं. पेन्सिलीनं, बॉनेटवर कागद ठेवून.
आगाऊ?
खडी पडेल त्या दिवशी तिसरा हिस्सा. आज काही नको.

जूनमधल्या एका मंगळवारी रोलर निघून गेला,
मागं पिवळी फीत : तीन दिवस गाडी नको.
रात्री तिनं वाकून हात ठेवला. अजून कोमट.
मग बागेची नळी ओढत आणली,
वरच्या टोकाला पाणी सोडलं
आणि गवताच्या कडेकडेनं त्याच्याबरोबर चालत गेली,
पाहुण्याला वेशीपर्यंत
पोचवायला जावं तशी.