चोडणला पूल नाही

बांबोळीच्या इस्पितळात एसी इतका
की श्रिया मोजे घालूनच येते.
जेल थंड, म्हणून आधीच पोट आत ओढून धरते.
छातीवर लावायचंय गं, पोटावर नाही,
म्हणतात ब्रागांझाबाई.
दर तीन महिन्यांनी तेच. दर वेळी दोघी हसतात.

मी पडद्याकडे बघतो,
पाण्यावर दिवा धरून कुर्ल्या शोधाव्यात तसा.
काहीतरी उघडतं, मिटतं, उघडतं.
अडीच वर्षं झाली, अजून कळत नाही
डावा कप्पा कुठला.

"पंपिंग बासष्ट. छान.
फक्त सैल पडायला जरा वेळ घेतंय."
कोण, मी विचारतो.
"हृदय हो. दाबायचं जमतं त्याला. सोडायचं हळू जमतं."
मी मान हलवतो.
आमच्या घरात सगळ्यांचंच तसं आहे.

ठोके एकशे आठ.
बसून, गप्प, मोजे घालून, एकशे आठ.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नर्सला बोलवायला धावलो होतो.
चेन्नईच्या डॉक्टरांनी मग कागदावर काढून दाखवलं:
रक्तवाहिन्या शिवता येतात, नसा नाही.
मेंदू सांगतो पळ, मेंदू सांगतो थांब,
तार तुटलेली, तिथवर जात नाही.
निरोप मग रक्तातून जातो.
पोचतो. उशिरा पोचतो.

म्हणजे चोडण, मी म्हटलं.
त्यांना कळलं नाही.

चोडणला पूल नाही.
दूध, मास्तर, लग्नाचं वऱ्हाड,
बांबोळीहून परत आणलेला माझा बापसुद्धा
फेरीबोटीनेच आला, आणि बोट मीच चालवत होतो.
बावीस वर्षं. रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
धक्क्यावरून कोणी कितीही हॉर्न मारा,
नदीला नदीएवढा वेळ लागतो.
आणि इंजीन बंद केलं म्हणून बोट थांबत नाही,
सरकत राहते,
तिचं तिला कळेपर्यंत.

शाळेत खेळांच्या दिवशी
श्रिया शर्यतीआधी पाच मिनिटं जागच्या जागी चालत होती,
तोंडाने भुर्र आवाज काढत.
एल्वीना ओरडली, टीचर, ही चीटिंग करते!
हिने सांगितलं, माझी बोट तापायची आहे.
पाच जणींत चौथी आली.
सगळ्या सरबत पिऊन उठल्या
तरी हिचं आत पळतच होतं.
मी मनगट धरून मोजत होतो.
बाबा, सोड ना, लोक बघतात.

चवथीला माटोळीत पपनस टांगलं
तेव्हा मामीला हिनेच बजावलं,
मला ते चालत नाही, माझ्या गोळ्यांशी भांडतं.
गोळ्या सकाळी आठ, रात्री आठ.
आठाला मी भर नदीत असलो
तरी हात खिशाकडे जातो.

नाव सांगत नाहीत.
मुलगा की मुलगी, तेही नाही.
पत्ता असता तर एक कार्ड टाकलं असतं,
लांबलचक नाही,
आभार वगैरे लिहायला मला येतही नाही:
चौथी आली. एवढंच.

आज रजा, म्हणून मी प्रवासी.
बस्त्यांव चाकावर.
श्रिया कठड्याला रेलून कांदळात बगळे मोजतेय.
काही मुलांना वर्षांनी नसा परत फुटतात म्हणे,
थोड्या, कुठे कुठे.
ब्रागांझाबाईंनी आज सांगितलं, आणि लगेच म्हणाल्या,
धरून नका चालू हां.

"बाबा, पूल झाला तर तू काय करणार?"

बस्त्यांवने इंजीन बंद केलं,
नेहमीसारखं जरा लवकरच.
धक्का अजून वीस हात लांब.
आम्ही दोघं उभे होतो,
सरकत.