वड्या

ऑरेस्टच्या वड्या मागच्या वेळी दगड झाल्या होत्या.
धाकटी म्हणाली, बाबा,
ट्रॅक्टरच्या चाकाखाली लावायला बऱ्या.

आज त्याने पाक लवकर उतरवला.
मध, लोणी, चिमूटभर मीठ,
कुंपणाजवळच्या सस्काटून बोरांचा
मूठभर वाळवलेला आंबटपणा.
ओट्स मात्र पिशवीतले,
कदाचित याच शेतातले,
गिरणीत जाऊन चपटे होऊन
तिप्पट भावाने घरी परतलेले.

डाव्या हाताला दोनच बोटं उरली,
तेव्हापासून कम्बाइन ल्युबा चालवते.
तो वाटीच्या बुडाने थापतो,
कोपऱ्यांपर्यंत, घट्ट,
ओव्हनचं दार पायाने लावतो.

निवेपर्यंत थांबायचं असतं.
ते त्याला जमत नाही.
खिडकीबाहेर, लांब, दोन दिवे
शेताच्या टोकाला जाऊन वळतात.

सुरी वाकडी जाते.
एक वडी मोठी होते, एक फुटते.
फुटलेली तो उभ्याउभ्याच खातो,
मोठी मेणकागदात गुंडाळून
पिकअप काढतो धुरळ्यात.

ल्युबा इंजिन बंद करत नाही.
दार उघडून नुसता हात खाली सोडते.
चावते.
बराच वेळ चावतच राहते.
"खालून करपलीय," म्हणते,
आणि हात पुन्हा खाली येतो.