आठ गाड्या, एक चौफुली

नव्वदीत मी लिहिलेला कोळसा खाणींचा हिशेब
दर दोन वर्षांनी आपोआप पळू लागायचा.
मी काही करत नसे. नवा डबा यायचा, बस्स.
मग डबा तापला,
मेमधल्या सीताबर्डीसारखा.
दुपारी दोनला इथे कुणी धावत नाही,
हे नागपूरला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

म्हणून त्यांनी एकाऐवजी आठ बसवले,
प्रत्येक जरा संथ, जरा थंड डोक्याचा,
आणि उरलेलं कोडं माझ्या टेबलावर ठेवून गेले.

आता तोच कोळसा, त्याच वॅगनी,
आणि बेरीज दर वेळी वेगळी.
काल चार वॅगनी हरवल्या, आज सात.
दोघांनी एकाच क्षणी पाटीवरचा आकडा वाचला,
दोघांनी आपापला एक मिळवला,
आणि एकाने दुसऱ्याचा पुसून स्वतःचा लिहिला.
चूक पकडायला मध्ये एक ओळ छापली
तर चूकच गायब.
पाहुणे आले की शहाणं होणारं पोट्टं.

कुलपं घातली.
मग एकाकडे गाडीची किल्ली, दुसऱ्याकडे फाटकाची,
दोघंही ‘आधी तू दे’ म्हणत
पहाटे साडेतीनपर्यंत उभे.
डब्यातला पंखासुद्धा गप्प झाला.

बाबा पाणी प्यायला उठले.
एकतीस वर्षं त्यांनी त्या केबिनमध्ये काढली
जिथे हावड्याचा रूळ दिल्लीच्या रुळाला
आडवा कापून जातो.
‘काऊन जागी आहेस वं?’
सांगितलं.
‘गाड्या किती?’
आठ.
‘अन् चौफुली?’
एकच.
कूलरखालची बादली त्यांनी पायाने सरकवली.
‘गाड्या तं कोणीबी पयवते.
लाल सिग्नलले उभं राहून
डबा खाता आला पाहिजे ड्रायव्हरले.’

मी निम्मी कुलपं काढली.
ज्याची त्याची पाटी ज्याला त्याला दिली,
बेरीज एकदाच, शेवटी.
त्या शेवटाला मात्र सात जण रिकामे बसतात,
एकटा मोजत राहतो.
अकरा सेकंद.
ते काही केल्या वाटून देता येत नाहीत.
मीही त्यांच्यात आठवी होऊन बसते,
पलीकडच्या खोलीतलं घोरणं ऐकत.

बेरीज जुळली.
सलग चाळीस वेळा जुळली.
एकेचाळिसाव्यांदा जुळेलच असं नाही,
हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.