अर्थिंग

गाडी सत्त्याण्णवची. मूळ रंग कोणता, यावर घरात दोन मतं.
मंडपाच्या खुर्च्या, पातेली, जनरेटर
आणि एकदा लग्नात रुसलेली एक आत्याबाई
हिच्याच हौद्यातून वडकीला पोचती झाली.

दिवसा मी चालवतो. काटा मधल्या रेघेखाली,
जेवून आडवा झालेल्या माणसासारखा.
रात्रीच्या फेऱ्या सुकेशिनीच्या.
येवलेवाडी मागे पडली, बोपदेव घाट लागला, की काटा लाल.
ती थांबते. बॉनेट उघडते. फडकं हातात धरून वाट बघते.
पाणी जितकं होतं तितकंच.

मी म्हणालो, दुसऱ्या गियरवर रेटत असशील.
मी म्हणालो, क्लचवर पाय ठेवून बसतेस.
आणखी एक म्हणालो, ते इथे लिहीत नाही.
ती म्हणाली, पप्पा, रात्री डिझेलपण वाढतं, बघा कधी.
मी हसलो.
तिने किल्ली फ्रिजवर ठेवली.

त्याआधी थर्मोस्टॅट बदलून झाला होता,
रेडिएटर धुऊन, झाळून झाला होता,
नाना पेठेतून तीन वेळा सेन्सर आणला होता,
तिन्ही वेळा ओरिजिनल.

क्वार्टर गेटमागे शांतवन मिस्त्री.
विचारलं, कधी चढतो?
म्हटलं, पोरगी चालवते तेव्हा.
तो हसला नाही.
इंजिन चालू ठेवून होजला उलटा हात लावला,
लेकराच्या कपाळाला लावतात तसा. कोमट.
सेन्सरची वायर काढली: काटा तळाला.
तीच वायर इंजिनला टेकवली: काटा सरसर लाल.
'काटा खोटं बोलत नाही. त्याला सांगतात तेच बोलतो.'

मग भर दुपारी बारा वाजता
त्याने हेडलाइट लावले.

काटा उठला.
शेजारचा डिझेलचाही उठला,
पाव टाकीची पाऊण टाकी झाली माझ्यासमोर.

'अर्थ लागत नाहीये,' तो डॅशबोर्डखालून म्हणाला.
'मलाही,' म्हटलं.
'तुमचा नाही हो. हिचा.'
आणि दाखवली एक काळी वायर,
स्क्रूखाली हिरवट बुरशी धरलेली.
दिवे लागले की सगळा करंट परतीची वाट शोधणार,
वाट अशी गंजलेली,
मग तो काट्यांच्या अंगावर.

पॉलिश पेपर. नवा लग. स्क्रू आवळला.
दहा मिनिटं, ऐंशी रुपये.
शंभर दिले तर वीस परत केले.

दिवे तसेच ठेवून निघालो.
गोळीबार मैदानापर्यंत तिघांनी,
लुल्लानगरला स्कूटरवरच्या एका बाईने
हाताचा पंजा उघडझाप करून दाखवला:
काका, लाइट चालू आहे.
मी मान हलवत राहिलो. माहीत आहे, माहीत आहे.
काटा मधल्या रेघेखाली.
पहिलं वाक्य काय बोलायचं, ते ज्योती हॉटेलच्या चौकापर्यंत सुचलं नाही,
आणि तिथून घर चार मिनिटांवर.